तेरच्या त्रिविक्रमापाशी ठेवलेलं नाव

आम्हा तुळजापूरकरांना तीर्थाला जायची सवय नाही. तीर्थच आमच्या दारात येऊन पडलेलं. सोलापूरच्या मोटारी भरभरून माणसं येणार, आम्ही त्यांना ओसरीवर पथारीपुरती जागा देणार, नि संबळ वाजायला लागला की समजणार, उजाडलं. आपणच पिशवी भरून दुसऱ्या गावच्या देवाला निघायचं म्हणजे हलवायानं शेजारच्या दुकानातनं पेढे आणण्यातला प्रकार. म्हणून थोरल्या काकूंनी ऐन थंडीत "मला तेरला ने" असा हट्ट धरला, तेव्हा घरातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, मला नाताळची सुट्टी, आणि काकूंना आवरणं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमत नाही.

काकू म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. मी रांगत असताना माझी आई गेली, मला वाढवलं ते काकूंनी. त्यांना स्वतःचं मूल नाही. काका जाऊनही बरीच वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडासमोर धरलेला दिवा दिसतो पण दिवा धरणारा दिसत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मोतीबिंदू पुरता पिकलाय, याच थंडीत काढून घ्या, उन्हाळ्यावर ढकललंत तर डोळे हातचे जातील. काकू काही केल्या तयार होईनात. शेवटी त्यांनी अट घातली, आधी तेर, मग सोलापूर. आणि तेरात काम झालं नाही तर सोलापूरचं नाव काढायचं नाही.

काम कसलं, ते मला मोटारीत कळलं.

वाटेवर

सरकारी पाटीवर उस्मानाबाद, काकूंच्या तोंडी धाराशीव, आणि आमच्या कंडक्टरच्या तोंडी नुसतं "चला, उतरा". तिथं तेरची गाडी लागायला वेळ होता. काकूंनी स्टँडवरच्या लिंबाखाली बसून फडकं सोडलं. प्रवासात त्यांना दशमीच चालते, दुधात भिजवलेली, म्हणजे विटाळ नाही. एक दशमी हातावर ठेवून त्या देवाचं नाव घेईपर्यंत मागनं शेळीनं येऊन उरलेल्या सगळ्या दशम्या फस्त केल्या. मी शेळीच्या मागं धावले. काकूंना दिसलं नव्हतं, पण आवाजावरून सगळं कळलं. "खाऊ दे," म्हणाल्या, "तिला कुठं विटाळ आहे?"

गाडी लागली. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, कणसांवर दुपारचं ऊन झोपल्यागत पडलेलं. खिडकीतून थंड वारा येत होता आणि त्याला करडईचा वास होता. काकू हळूहळू बोलायला लागल्या. त्यांचं माहेर तेर. माहेर म्हणजे आता नुसती जागा, भाऊ हैदराबादकडं गेले नि तिकडंच संपले.

"आमच्या गावात रीत होती," काकू म्हणाल्या, "हळद लागली की नवरीनं एकटीनं त्रिविक्रमाच्या देवळात जायचं. आत गोल भिंतीकडं तोंड करून आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. भिंत ते एकदा परत देते. तेवढं ऐकायचं नि माघारी न बघता निघायचं. झालं, नाव देवापाशी राहिलं. मग सासरी काय ठेवायचं ते ठेवा."

"आणि पुढं?"

"पुढं काय? म्हातारपणी जिला वाटंल तिनं येऊन मागून न्यावं. हाक मारायची. भिंतीनं परत दिली की नाव आपलं."

मला हसू आलं. "अहो काकू, तुमचं नाव तुम्हाला ठाऊक आहे की! मागायचं काय त्यात?"

"ठाऊक असणं वेगळं नि हातात असणं वेगळं. देवीच्या अंगावरचे दागिने तुला पाठ आहेत, म्हणून ते तुझे झाले होय?"

गाडी खडखडत चालली होती. मधेच त्या माझा हात चाचपत म्हणाल्या, "सुमे, टेबलावर माझं काही बरंवाईट झालं नि वर कुणी विचारलं, कोण गं तू, तर काय सांगू? लक्ष्मी? लक्ष्म्या आपल्या गल्लीत ढिगानं आहेत. ते नाव तुझ्या काकांच्या घरचं. ते घरातच ठेवून जायचं. मला माझं पाहिजे."

"पण तुमचं नाव काय होतं?"

"गप बस. देवापाशी ठेवलेलं नाव असं गाडीत काढत नसतात."

तेर

तेरमध्ये उतरलो तेव्हा तेरणेवर धुकट पडायला सुरुवात झाली होती. गाव उंचसखल, मधनंमधनं पांढऱ्या मातीच्या टेकाडांचं. त्या टेकाडांत कधी काळची जुनी वस्ती गाडली गेलीय. लोक घराच्या धाब्यावर टाकायला ती माती खणून नेतात, आणि मातीबरोबर मणी येतात, खापरं येतात, कधी मातीची चिमुकली बाई येते. पोरी त्या बायकांची लग्नं लावतात. मी एका धाब्याकडं बघत उभी राहिले आणि मनात आलं, या गावात आजचं छप्पर कालच्या अंगणाचंच झालेलं आहे. काकू मात्र पायांनी गाव वाचत चालल्या होत्या. "इथं चढ आहे," म्हणायच्या आणि चढ यायचा. "इथं कुंभाराची भट्टी," म्हणाल्या, तिथं भट्टी नव्हती, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी खोटं बोलले, "हो, आहे."

देऊळ घरांच्या मधेच आहे. आमच्या देवीचं देऊळ म्हणजे दगडी दरवाजे, पायऱ्यांमागून पायऱ्या, गोमुख, दीपमाळा आणि गर्दी. इथं त्यातलं काहीच नाही. पुढं सपाट माथ्याचा मंडप, आणि त्याच्या मागं विटांची एक लांबट खोली, तिचं छप्पर छकड्याच्या टपासारखं वाकवलेलं, नि मागची बाजू कोपरा न काढता गोल वळवून आणलेली. दरवाजाच्या वर त्याच टपाची गोल कमान. शिखर नाही. संध्याकाळच्या उजेडात सगळ्या विटा भाजलेल्या भाकरीच्या रंगाच्या झाल्या होत्या. मला वाटलं, हे देऊळ कुणी बांधलेलं नसेल, कुठनं तरी चालत येऊन इथं दमून बसलं असेल.

गुरव म्हातारे होते. काकूंनी माहेरचं आडनाव सांगताच त्यांनी पागोटं सावरलं. "आरं द्येवा! त्या घरच्या तुमी? लई दिसानं आलासा. नाव न्यायला आलासा न्हवं?"

"हो."

"आता कुनी येत न्हाय हो. माज्या ध्यानात तर येक म्हातारी आलती, तिलाबी लई वर्सं झाली." ते लगबगीनं मंडपाच्या बाहेर जाऊन बसले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. दुसऱ्यानं ते नाव ऐकायचं नाही, अशी रीत. मलाही खुणेनं सांगितलं. पण माझ्या एका हातात काकूंचा हात, दुसऱ्या हातात पूजेचं तबक. कान झाकायला तिसरा हात आणू कुठनं?

आत अंधार होता, आणि त्या अंधाराला शेंगांचा वास होता. समईच्या उजेडात आधी देव दिसला. काळ्या दगडाचा त्रिविक्रम, एक पाय भुईवर नि एक पाय थेट आभाळात घातलेला. मग दिसली पोती. दोन्ही भिंतींना लागून थेट छपराच्या वळणापर्यंत, आणि देवाच्या मागं गोल भिंतीत कोंबून बसवलेली भुईमुगाच्या शेंगांची पोती. देव जणू अडत्याच्या दुकानात उभा.

काकूंना पोती दिसत नव्हती. त्यांनी माझा हात सोडला, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि माझ्या जन्मात ऐकला नव्हता अशा कोवळ्या आवाजात हाक मारली.

"ठकू!"

काहीच नाही. आवाज पोत्यांत गेला आणि तिथंच राहिला. काकू मान तिरकी करून ऐकत होत्या. समई तडतडली. कुठूनही काही आलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं केला आणि तो मी धरला.

"देवानं दिलं न्हाय," एवढंच म्हणाल्या. मग मंडपात बसून, "उद्याच्या गाडीनं घरी. सोलापूरला कुणी मला नेऊ नका."

मी सगळा राग गुरवावर काढला. "गुरवबाबा, देवळाचं कोठार कुणी केलं? लाज नाही वाटली?"

ते बिचारे दचकले. "बाई, गोदामाचं छत पडलं. गावानं इचार केला, द्येवापाशी ठिवलं तर उंदीर सोडून कुनी हात लावायचं न्हाय. द्येवाचाच भरवसा, दुसरा कुनाचा?"

"मग काढा ती पोती."

"बिलकूल न्हाय जमायचं. साऱ्या गावाचा माल हाय. बाजाराच्या गाड्या आल्याबिगर म्या येक शेंग हलवली तर गाव मला हलवंल."

दुसरा दिवस

गुरवाच्या सुनेनं आम्हाला पडवीत निजायला जागा दिली होती. सकाळी उठले तर धुकं अगदी अंगणापर्यंत आलेलं आणि त्यात देवळाची पाठ तेवढी तरंगत होती. शेतावर गुरवाच्या मुलानं आगटी पेटवली, कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा पुढं केला. जवसाची चटणी, गूळ, वर ताक. मी खाल्ला आणि खात असताना मला माझी लाज वाटत होती, काकू तिकडं उपाशी बसलेल्या. आमच्याकडंही हुरडा होतो, पण पाव्हण्याला आग्रह करताना आमच्यात बोलतात, इथं बोलत नाहीत, नुसती ओंजळ पुढं धरतात. ओंजळ परतवणं मला जमलं नाही.

देवळाशी परत आले तर मंडपाच्या कडेला सायकल टेकवलेली, आणि एक उंच, भाजल्या कातडीचा गोरा माणूस पायातले बूट बाहेर ठेवून दरवाजाच्या कमानीचं चित्र काढत बसलेला. कुठल्याशा मिशनचे पाद्री. सुट्टीत जुनी देवळं बघत हिंडतात. मराठी असं बोलत होते की मीच माझे काना-मात्रे तपासून घ्यायला लागले.

"बाई, आपणांस ठाऊक असेल, हे मूळचे बौद्ध भिक्षूंचे. देव जिथे उभा आहे, तिथे पूर्वी स्तूप असावा, असे जाणकार म्हणतात. भिक्षू गेले, विष्णू आले. छप्पर तेच राहिले." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "आमच्या गावचे देऊळ असेच आहे. म्हणून मी इथे पुन्हा पुन्हा येतो."

काकू खांबाला टेकून बसल्या होत्या. काल संध्याकाळपासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. मी मुद्दामच विचारलं, "कसं आहे तुमचं देऊळ?"

ते सांगत गेले आणि धुक्यात त्यांचं गाव हळूहळू उभं राहिलं. पार उत्तरेकडचं, शेतांच्या मधलं. ओबडधोबड धोंड्यांच्या जाड भिंती, आत वर कमानींचं छत, आणि पूर्वेला, पूजेच्या चौथऱ्यामागं, अशीच गोल भिंत. हिवाळ्यात बर्फ दारापर्यंत येतं, तेव्हा फावड्यानं वाट काढून आत जायचं. बायका डाव्या हाताला बसणार, पुरुष उजव्या. छताला एक लाकडी गलबत टांगलेलं, समुद्रातून वाचून आलेल्या कुणा खलाशानं नवस फेडलेला. देऊळ बांधलं तेव्हा ते जुन्या पंथाचं होतं, भिंतींवर संतांची नि देवमातेची चित्रं होती. पुढं तिथल्या राजानं पोपला सोडून लुथरचा पंथ घेतला आणि अख्खं गाव लुथरपंथी झालं. चित्रांवर चुना फासला. मूर्ती माळ्यावर गेल्या. पाद्रीसाहेबांच्या लहानपणी पावसाळी ओल धरून एका ठिकाणचा चुना सुटला, आणि आतून एक डोळा बाहेर बघायला लागला.

"सगळी मुले घाबरली," ते म्हणाले, "मी घाबरलो नाही. प्रार्थना चालू असताना मी त्या डोळ्याकडेच बघत असे. माझी आजी म्हणे, ही जुनी बाई आहे, आपल्या आधी इथे राहत होती."

"चुना दिल्यावर देव मरतो होय?" खांबापासून आवाज आला. "चुना आम्ही दर दिवाळीला देतो." काकू बोलल्या! माझा जीव भांड्यात पडला. पाद्रीसाहेब मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आल्यासारखं मला वाटलं. किती वर्षांत घरी गेला नाहीत, विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला.

तेवढ्यात गुरवांनी पाण्याची बादली आणून ठेवली. पाहुण्यांना दाखवायची त्यांची ठेवणीतली गंमत. पांढऱ्या टेकाडात सापडलेली एक जुनी वीट त्यांनी पाण्यात सोडली, आणि ती बुडाली नाही. भाताचं तूस घालून भाजलेली, म्हणून हलकी, असं पाद्रीसाहेब म्हणाले. काकूंनी बादलीत हात घातला. वीट त्यांच्या बोटांखाली डुलत होती, दाबली की खाली जायची, सोडली की वर यायची. त्या कितीतरी वेळ तेच करत राहिल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण हात पाण्यातनं निघत नव्हता.

मी संधी साधली. पाद्रीसाहेबांना कालचं सगळं सांगितलं, म्हटलं तुम्ही तरी समजावा. ते काकूंपुढं मांडी घालून बसले. "आजीबाई, यात देवाचा काही दोष नाही. कमानीचे छप्पर आणि गोल भिंत, दोन्ही मोकळी असली म्हणजे आवाज परतून येतो. पोती आवाज खातात. गोणपाट आहे ना. पोती काढली की भिंत पुन्हा बोलेल."

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शिकलेले. मला एवढंच सांगा, ज्यानं एका पावलात भुई घेतली नि दुसऱ्यात आभाळ घेतलं, तो शेंगांच्या पोत्याला भितो?"

साहेब उठले नि आपली पेन्सिल शोधायला लागले.

गाडीची वेळ होत आली. बाजाराच्या गाड्या यायला अजून अवकाश होता, तोवर थांबायचं तर माझी शाळा आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख, दोन्ही हुकणार. आणि थांबूनही काकू दुसऱ्यांदा हाक मारतील याची खात्री नव्हती. "मागणाऱ्यानं एकदा मागावं," म्हणत होत्या. "नाही म्हटल्यावर पुन्हा पदर पसरणं बरं न्हाय."

निघायच्या आधी शेवटचं दर्शन म्हणून त्यांना आत घेऊन गेले. गुरव कालच्यासारखे बाहेर बसून कानांत बोटं घालून राहिले, नि त्यांचं बघून पाद्रीसाहेबांनीही घातली. काकूंनी आज हाक मारली नाही. भुईला डोकं टेकलं, उठल्या, आणि देवाला पाठ न दाखवता मागं मागं यायला लागल्या. दाराशी उभी राहून मी ते बघत होते. पांढऱ्या लुगड्यातली माझी काकू, चाचपडत, पोत्यांच्या मधनं, नाव न घेता परत चाललेली. मला ते बघवेना. राग आला, देवाचा, शेंगांचा, त्या रीतीचा, सगळ्यांचा. ज्या बाईला आयुष्यात कधी अगंतुगं केलं नाही, जिच्यापुढं आमच्या घरात आवाज चढवायची कुणाची छाती नाही, तिला मी भर देवळात एकेरी हाक मारली.

"ठकू!"

"ओ!"

विचार करायच्या आधीच आलं ते. अंगणात खेळणाऱ्या पोरीनं द्यावी तशी ओ. दिल्यावर काकू जागच्या जागी थबकल्या. मी ओठ चावून उभी. आता भडका उडणार.

"सुमे, तू हाक मारलीस."

"हो."

"तुझा आवाज मला कळत न्हाय, असं वाटलं? चालायला लागलीस तेव्हापासनं ऐकतेय."

"चुकलं काकू."

"थांब जरा." त्या पोत्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. बोलल्या त्या अगदी हळू, आपल्याशीच बोलल्यासारखं. "भिंतीनं दिली असती तर माझीच हाक मला परत मिळाली असती. ही दुसऱ्याची आहे. आई गेल्यापासनं मला ह्या नावानं कुणी हाक मारली नव्हती गं." मग त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला, ओल्या गालांवरनं अंगठे फिरवले. "रडतेस काय, येडे. ऐक. सोलापुरात मला भूल देतील. मला उठवायचं असंल तर ह्याच नावानं उठव. लक्ष्मी म्हणून हाक मारलीस तर मी उठायची न्हाय."

बाहेर आलो तर गुरव नि पाद्री दोघंही कानांत बोटं घालून अजून तसेच बसलेले. त्यांना हातानं हलवून सांगावं लागलं, झालं म्हणून.

सोलापूर

सोलापूरचं वर्णन काय करायचं? दवाखान्याचा वास सगळीकडं सारखाच. डोळे कापले, पट्ट्या बांधल्या, उशाशी वाळूच्या पिशव्या लावून काकूंना उताणं निजवलं. त्या कुरकुरल्या, पण हलल्या नाहीत. पट्ट्या सोडायच्या दिवशी खाटेवर उठवून बसवलं तर त्यांना डुलकी लागलेली. नर्सबाई पट्टीची गाठ धरून म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, हळूच डोळे उघडा." काकू ढिम्म. नर्सबाईंनी पुन्हा पुकारलं, खांद्याला हात लावला. काकूंचं लक्षच नाही.

मग मी पुढं होऊन हाक मारली.

नर्सबाई इकडंतिकडं बघायला लागल्या, लहान मुलगी कुठं आहे म्हणून. खाटेवरनं ओ आली. पट्टी गळून पडली. काकूंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, डोळे मिचकावले, पुन्हा मिचकावले, आणि माझ्याकडं बघतच राहिल्या.

"अगं बाई," म्हणाल्या, "किती वाळलीस गं तू!"